रोजचे शुभवर्तमान आणि नाक्यावरचा मजूर



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी रोजच्या वाचनांचे कॅलेंडर भिंतीवर असते. काहींच्या मोबाईलवर पहाटेच दिवसाचे शुभवर्तमान येऊन पडते. आपण ते वाचतो, क्रुसाची खूण करतो आणि चहाकडे वळतो. संध्याकाळी कोणी विचारले, “आज काय वाचलं?” तर चटकन आठवत नाही. आदिवासी पाड्यांवरील कामाला हातभार लावणारी मंडळी भेटली की हीच खंत बोलून दाखवतात: रोज वाचतो, पण मनाला लागत नाही. हा लेख त्यांच्यासाठी, आणि तीच खंत असलेल्या माझ्यासाठीही.

ही वाचने ठरतात कशी?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज जाहीर केला. पवित्र शास्त्राचे भांडार भाविकांसाठी अधिक मोकळ्या हाताने उघडावे, असे त्यात सांगितले होते. त्यानुसार १९६९ मध्ये मिस्सासाठी नवा वाचनक्रम तयार झाला. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात: ‘अ’ वर्षी मुख्यतः मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क आणि ‘क’ वर्षी लूक. योहानाचे शुभवर्तमान विशेषतः पुनरुत्थानकाळात वाचले जाते. सामान्यकाळात आठवड्याच्या इतर दिवसांचे शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच असते. पहिल्या ते नवव्या आठवड्यात मार्क, दहाव्या ते एकविसाव्या आठवड्यात मत्तय आणि बाविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात लूक. या दिवसांचे पहिले वाचन तेवढे सम आणि विषम वर्षांनुसार बदलते.

हे माहीत असण्याचा उपयोग काय? आपण स्वतः बायबल उघडले की हात आपोआप आवडत्या पानाकडे जातो. धीर देणारे स्तोत्र, मेंढपाळाचा दाखला, आजाऱ्याला बरे केल्याची घटना. वाचनक्रम आपली आवडनिवड पाहत नाही. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातील सोमवारी तो आपल्यासमोर अंतिम न्यायाचा प्रसंग ठेवतो (मत्तय २५:३१-४६). दुसऱ्या आठवड्यातील गुरुवारी श्रीमंताच्या दारात पडलेला लाजर आणून बसवतो (लूक १६:१९-३१). रोम असो, वसई असो वा मोखाड्यातला एखादा पाडा, त्या दिवशी सगळ्यांपुढे तोच लाजर. म्हणून दिवसाचे शुभवर्तमान हे आपण निवडलेले वाचन नसून आपल्याकडे आलेला निरोप आहे, असे समजून बसावे. अर्धे काम तिथेच होते.

पाच पायऱ्या

बाराव्या शतकात फ्रान्समधील कार्थुशियन मठवासी दुसरे ग्विगो यांनी प्रार्थनामय वाचनाची चार पायऱ्यांची शिडी सांगितली. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० सालच्या आपल्या प्रबोधनपत्रात आठवण करून दिली की हे वाचन कृतीपर्यंत पोहोचल्याशिवाय पूर्ण होत नाही. अशा पाच पायऱ्या झाल्या. रोजची पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

१. वाचन: उतारा दोनदा सावकाश वाचावा, जमल्यास मोठ्याने. कोण, कुठे, केव्हा, काय म्हणाले, एवढेच पाहावे.

२. मनन: एक शब्द किंवा एक प्रसंग धरून त्यावर थांबावे. या गोष्टीत मी कोण आहे, हे स्वतःला विचारावे.

३. प्रार्थना: जे मनात आले ते प्रभूला आपल्या भाषेत सांगावे. राग आला असेल तर तोही सांगावा.

४. मौन: बोलणे थांबवून काही क्षण नुसते त्याच्यासमोर बसावे.

५. कृती: आज करता येईल अशी एकच छोटी गोष्ट ठरवावी. ‘मी अधिक प्रेमळ होईन’ हा ठराव झाला. ‘आज दुपारी अमक्याला फोन करीन’ ही कृती झाली.

एक उदाहरण

सामान्यकाळाच्या विसाव्या आठवड्यातील बुधवारचे शुभवर्तमान घेऊ. तो दिवस बहुधा १७ ते २३ ऑगस्टच्या दरम्यान येतो. उतारा आहे मत्तय २०:१-१६, द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला.

मळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, दिवसाला एक दीनार. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. दिवस मावळायला तासभर उरला असता, पाचच्या सुमारास, पुन्हा जातो आणि अजून उभ्या असलेल्यांनाही कामाला लावतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी मिळते. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

याच्या थोडे आधी पेत्राने विचारले होते की आम्ही सर्व सोडून तुझ्यामागे आलो, मग आम्हाला काय मिळणार (मत्तय १९:२७). हा दाखला त्या बोलण्याच्या ओघातच येतो. देवाची कृपा हिशेबाने मोजून मिळत नाही, हा त्याचा गाभा. हे मी पुष्कळदा ऐकले होते आणि इतरांना सांगितलेही होते.

गेल्या पावसाळ्यात एका पाड्यावर संध्याकाळच्या प्रार्थनेत हाच उतारा वाचला. बाहेर पाऊस, आत चुलीचा धूर, दहा-बारा माणसे. वाचून झाल्यावर मी सवयीने विचारले, “पाच वाजेपर्यंत नुसते उभे राहिलेले हे लोक कोण असतील?” उत्तराची अपेक्षा नव्हती. आळशी, उशिरा उठलेले, असे काहीतरी माझ्याच मनात होते.

एक म्हातारी आजी वारली बोलीत बोलली. मराठीत सांगायचे तर ती म्हणाली, “ते पहाटेपासूनच उभे असतील. मुकादम आधी जवान पोरांना उचलतो. म्हाताऱ्याला, लंगड्याला, कडेवर पोर असलेल्या बाईला कोण घेतो? मी उभी राहिली आहे ना.”

मी पुस्तकात पुन्हा पाहिले. धनी विचारतो की दिवसभर इथे रिकामे का उभे आहात, आणि ते सांगतात की आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. उत्तर तिथेच लिहिलेले होते. मी ते कित्येक वर्षे वाचत आलो होतो आणि मला ते दिसले नव्हते. तिला दिसले, कारण ती त्या नाक्यावर उभी राहिली होती.

जव्हार-मोखाड्याकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर घर बंद करून वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जातात. कोणी आधीच उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हिशेब मालकाच्या वहीत. वसई-विरारच्या मजूर नाक्यावर सकाळी उभी असलेली माणसे आपण मिस्साला जाता-येता पाहतो. त्यांच्यासाठी एक दीनार म्हणजे बक्षीस नव्हे. एका दिवसाची मजुरी म्हणजे घरातल्या चुलीचा एक दिवस. अर्धी मजुरी दिली म्हणून मुले अर्धीच भुकेली होत नाहीत. धनी जे देतो ते कामाच्या तासांना पुरेसे नसेल, पण त्या घराला पुरेसे असते.

मग या गोष्टीत आपण कोण?

मदत करणाऱ्याला वाटते, आपण मळ्याचे धनी. पण धनी देव आहे. आपण बहुतेक जण पहाटेचे मजूर आहोत: पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्मा झालेले, चर्चच्या जवळ वाढलेले, शाळा मिळालेले. आणि कुरकुर? “या लोकांना किती द्यायचं? यांना सगळंच फुकट लागतं,” हे वाक्य आपल्या घरात, आपल्या ओटीवर बोलले जाते. शुभवर्तमानात ते पहाटेच्या मजुरांच्या तोंडी आहे.

म्हणून या दिवसाची कृती दानपेटीपासून सुरू करू नये. ती मजुरीपासून सुरू करावी. गरीब मजुराचे वेतन सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती द्यावे, अशी जुन्या करारातील आज्ञा आहे (अनुवाद २४:१४-१५). आपल्या वाडीत, घरकामात, घराच्या डागडुजीला कोणी येत असेल तर ठरलेली पूर्ण मजुरी त्याच दिवशी द्यावी. ‘सुटे नाहीत, उद्या ये’ म्हणू नये. त्याला नावाने हाक मारावी, नाव माहीत नसेल तर विचारावे. आजारपणामुळे कामावर न आलेल्या बाईचा खाडा कापायचा का, हे त्या दिवशी प्रभूसमोर बसून ठरवावे. मिशनला पाठवायची देणगी त्यानंतर. न्यायाने द्यायचे ते दिल्यावरच दयेने दिलेल्याला अर्थ येतो.

त्या आजीला वाचता येत नाही. तिने उतारा ऐकला आणि तो स्वतःच्या आयुष्याशेजारी ठेवून पाहिला. सगळ्या पायऱ्यांचे सार एवढेच आहे. उद्याचे वाचन कोणते, ते आज रात्रीच पाहून ठेवा आणि त्यात आपण कुठे उभे आहोत ते सकाळी शोधा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू दिवसातून पाच वेळा बाजारात येतोस आणि मागे राहिलेल्यांना शोधतोस. आम्ही मात्र एकदाच जातो आणि धडधाकटांना निवडतो. आज आमच्या वाटेवर जो उभा असेल, तो आम्हाला दिसू दे. कोणाची मजुरी आमच्या घरात अडली असेल, तर सूर्य मावळण्यापूर्वी ती त्याच्या हाती पोहोचू दे. तू दुसऱ्यांना उदारपणे देतोस तेव्हा आमच्या मनात कुरकुर येऊ देऊ नकोस, कारण आम्हीही तुझ्या कृपेवरच जगतो. आमेन.