बाभळीवरचा वटवट्या: बुटेड की साइक्सचा?

हिवाळा लागला की अमरावती-अकोल्याच्या पक्षिमित्रांचा एक प्रश्न हमखास येतो: बाभळीत लपाछपी करणारा हा चिमणीहून लहान, मातकट वटवट्या बुटेड की साइक्सचा? पोहरा-मालखेडचा माळ असो की काटेपूर्णेकाठची झुडपं, शंका तीच. वजन जेमतेम दहा ग्रॅम आणि डोळ्यांत भरावा असा रंग कुठेच नाही.

यातल्या एकाचं शास्त्रीय बारसं दख्खनच्या पक्ष्यांवरूनच झालं. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणाऱ्या विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३२ मध्ये इथल्या पक्ष्यांची यादी लंडनला प्रसिद्ध केली. तीत या पक्ष्याला त्याने 'रामा' आणि माळावरच्या तुरेवाल्या चंडोलाला 'देवा' ही नावं दिली. पुढे मात्र हा रामा कित्येक दशकं बुटेडची उपजात म्हणून ग्रंथांत दुय्यम राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनए आणि बारीक मोजमापांनी त्याची स्वतंत्र ओळख परत मिळवून दिली. बुटेड रशिया-कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात वीण करतो. साइक्सचा इराण, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तानात. थंडीत दोघंही भारतात उतरतात.

साइक्सच्या वटवट्याची चोच आणि शेपटी थोडी लांब, अंग फिकट करडं, भुवई पुसट. बुटेड जास्त तपकिरी, चोच आखूड, भुवई ठळक आणि तिच्या वर बहुधा गडद किनार. वागण्यातही फरक आहे. बुटेड गवतात, खुरट्या झुडपांत वावरतो, कधी जमिनीवरही उतरतो. साइक्सचा सहसा बाभळीच्या वरच्या फांद्या धुंडाळतो. मूग आणि उडीद हे सख्खे शेजारी वऱ्हाडातला शेतकरी एका पानावरून नव्हे, सगळ्या झाडाच्या ठेवणीवरून ओळखतो. इथेही नजर तशीच तयार करावी लागते.

म्हणूनच एका फोटोवरून छातीठोक नाव सांगणाऱ्या मोबाइल अ‍ॅपवर माझा भरवसा नाही. कोवळ्या उन्हात करडा पक्षी तपकिरी दिसतो, झिजलेली पिसं रंग बदलतात आणि चोचीची लांबी कोनावर फसवते. पक्षीनोंदींच्या ई-बर्ड संकेतस्थळावर 'बुटेड किंवा साइक्सचा' असा जोड पर्याय आहे, तो वापरण्यात कमीपणा नाही. चुकीचं नाव नोंदीत गेलं, तर कोणता पक्षी कुठे हिवाळा काढतो याचा नकाशाच बिघडतो. तेव्हा या हिवाळ्यात वटवट्या दिसला, तर नावाआधी झाड, उंची आणि वागणूक वहीत लिहा.