साडेसोळा लाख डॉलरचा घोडा
(शर्यतीत अव्वल ठरलेल्या डेजूरची वंशावळीच्या धंद्यातील कथा)

माल पारखून घेतला की निम्मा नफा पदरात पडला, असे आपले बुजुर्ग सांगत. पण पारख अचूक असूनही हिशेब चुकतो, अशी उदाहरणे धंद्यात कमी नाहीत. डेजूर नावाच्या घोड्याची हकिकत अशीच आहे. प्रारंभीच सांगितले पाहिजे की, शर्यतीवर पैसे लावणे हा जुगार आहे व तो हराम आहे. त्याबद्दल येथे दुमत नाही. हा लेख पैज लावणाऱ्यांसाठी नसून घोड्याच्या पैदाशीचा व्यापार समजून घेण्यासाठी आहे.

खरेदी

थरोब्रेड जातीचा घोडा इंग्लंडमध्ये तयार झाला, पण त्याचे मूळ पूर्वेकडचे आहे. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकाकडे जाते. यांपैकी डार्ली अरेबियन हा 1704 च्या सुमारास सीरियातील हलब (अलेप्पो) शहरातून इंग्लंडला गेला. डेजूर त्याच्याच वंशातला.

डेजूरचा जन्म 1987 साली अमेरिकेतील केंटकी राज्यात झाला. बाप डॅन्झिग, आई गोल्ड ब्यूटी. आई 1982 सालची अमेरिकेतील अव्वल धावपटू घोडी होती. एक वर्षाचे हे शिंगरू दुबईचे शेख हमदान बिन राशिद अल मक्तूम यांनी 16 लाख 50 हजार डॉलरला विकत घेतले. शेख हमदान हे संयुक्त अरब अमिरातीचे अर्थमंत्री होते. त्यांचा इंतकाल 2021 साली झाला.

शिंगरू इंग्लंडमध्ये मेजर डिक हर्न यांच्याकडे तालमीला दिले. शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून हर्न यांची मान मोडली होती आणि 1984 पासून ते चाकाच्या खुर्चीवर होते. तरीही याच मालकासाठी 1989 साली त्यांनी नशवान या घोड्याला एप्सम डर्बी जिंकून दिली होती.

सहा महिन्यांची बादशाही

सुरुवातीला डेजूरला लांब पल्ल्यावर धाववून पाहिले, पण जमले नाही. मग 1990 च्या मे महिन्यात त्याला पाच फर्लांग, म्हणजे सुमारे 1000 मीटर, अंतरावर आणले आणि पहिल्या पावलापासून मोकळे सोडले. तिथून चित्र पालटले. सँडाउनची टेंपल स्टेक्स, रॉयल अॅस्कॉटची किंग्ज स्टँड, यॉर्कची ननथॉर्प, हेडॉकची स्प्रिंट कप आणि पॅरिसची अबे, अशा पाच मोठ्या शर्यती त्याने ओळीने जिंकल्या. यॉर्कला त्याने पाच फर्लांग 56.16 सेकंदांत तोडले आणि मैदानाचा विक्रम केला. जॉकी होते विली कार्सन.

ऑक्टोबरमध्ये तो न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्क मैदानावर ब्रीडर्स कप स्प्रिंटसाठी गेला. मातीचा मार्ग आणि वळण, दोन्ही त्याला नवे. तरीही शेवटच्या टप्प्यात तो सेफली केप्ट या घोडीच्या पुढे निघाला. तेवढ्यात मार्गावर आडवी पडलेली सावली त्याला अडथळा वाटली. त्याने तिच्यावरून उडी मारली. अंतिम रेषेजवळ आणखी एक सावली आली, त्याने पुन्हा उडी मारली. घोडी मानेच्या अंतराने जिंकली. रस्त्यात काहीच नव्हते, होती ती फक्त उन्हाची सावली. तरीही त्या वर्षी तो युरोपचा सर्वोत्तम घोडा ठरला.

खरा बाजार

शर्यतीतले बक्षीस हा या धंद्यातला लहान भाग. खरी कमाई निवृत्तीनंतर, नराच्या पैदाशीत असते. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला परवानगी नाही. घोडीला नराकडेच न्यावे लागते. गर्भ सुमारे अकरा महिने. शिंगरू दोन वर्षांचे झाले की धावते. म्हणजे माल चांगला की वाईट, हे कळायला तीन-चार वर्षे जातात, आणि तोवर खर्च चालूच.

डेजूरला केंटकीतील शॅडवेल फार्मवर ठेवले. 1997 साली त्याची मुलगी अस्फुरा हिने चेरी हिंटन आणि मुलगा हायिल याने मिडल पार्क जिंकली. पण त्याच्या तोडीचा वारस त्याला मिळाला नाही. 2010 साली त्याला पैदाशीतून निवृत्त केले आणि 2013 साली तो मेला.

याच डॅन्झिगचा दुसरा मुलगा ग्रीन डेझर्ट. तो शेख हमदान यांचे बंधू शेख मक्तूम यांचा. 1986 साली त्याने जुलै कप आणि हेडॉकची स्प्रिंट कप जिंकली, पण डेजूरइतका दबदबा त्याचा नव्हता. मात्र त्याच्या वंशात ओअॅसिस ड्रीम, इन्व्हिन्सिबल स्पिरिट आणि केप क्रॉस निघाले. केप क्रॉसची मुले सी द स्टार्स आणि गोल्डन हॉर्न यांनी 2009 व 2015 साली डर्बी जिंकली. आणि बाप डॅन्झिग? गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो आयुष्यात फक्त तीनदा धावला होता.

शरीअतचा मुद्दा

नराच्या संयोगाचे मोल घेण्यास मनाई करणारी हदीस हजरत इब्न उमर (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत आलेली आहे. हनफी, शाफई व हंबली फकीह हा मोबदला जायज मानत नाहीत. इमाम मालिक यांच्या मते ठरावीक वेळा अगर मुदतीसाठी नर भाड्याने देता येतो. न ठरवता खुशीने दिलेल्या भेटीस मात्र वाव आहे. आपल्याकडे बोकड किंवा वळू पाळणाऱ्या बांधवांपुढेही हाच प्रश्न असतो. त्यांनी आपल्या आलिमांना विचारूनच व्यवहार करावा.

बोध

या कथेतून व्यापाऱ्याने दोन गोष्टी घ्याव्यात. एका हंगामाची तेजी पाहून पुढच्या वीस वर्षांचा हिशेब मांडू नये. दुसरी गोष्ट, वाटेत खरा अडथळा कोणता आणि नुसती सावली कोणती, हे ओळखायला शिकावे. मंदीच्या नुसत्या अफवेवर दुकान आवरणारे आणि शेजाऱ्याचे गिऱ्हाईक पाहून दर पाडणारे आपल्यातही आहेत. मेहनत आणि पारख आपल्या हाती आहे, बरकत अल्लाहच्या हाती.