रिमोट कोणाच्या हातात?

व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरमध्ये आता नवं करण्यासारखं काही उरलंय का, असा वाद हल्ली घरातली तरुण मंडळी घालतात. कंट्रोलर हा त्यांचा शब्द. १९९० च्या दशकात आमच्या मुलुंडमध्ये तो साधा ‘रिमोट’ होता, गेमची ‘कॅसेट’ होती आणि टीव्हीला जोडायचा डबा बहुधा निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची (१९८३) स्वस्तातली नक्कल.

रिमोटच्या डावीकडे अधिकाच्या चिन्हासारखं बटण असे. गुनपेई योकोई यांनी ते १९८२ मध्ये हातात धरून खेळायच्या ‘डाँकी काँग’साठी आणलं, आजही ते जवळजवळ तसंच आहे. पुढे अंगठ्याने फिरवायची दांडी आली, थरथर आली, २००६ मध्ये हवेत हलवायचा विई रिमोट आला. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये तर धनुष्य ताणताना बोटाखालचं बटणही घट्ट होतं. मौज आहे, नाही कोण म्हणतो! (बदकं टिपायची ती बंदूक मात्र गेली. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीशिवाय तिचा नेमच लागत नाही.)

पण त्या दांडीच्या पोटात रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखाच घासणारा भाग असतो. जुना रेडिओ खरखरतो; झिजलेली दांडी हात न लावता गेममधल्या गड्याला चालवत सुटते. चुंबकावर चालणारी, न घासणारी दांडी सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये दिली होती. प्लेस्टेशन ५ बरोबर मात्र घासणारीच आली.

आणि हा सगळा थाट दोन धडधाकट हात गृहीत धरून मांडलेला. माझ्या मते मोकळी जागा आहे ती इथे. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाचा डावा हात अधू होता. मे महिन्याच्या सुट्टीत बाकीचे खेळत, तो कॅसेट फुंकून बसवून द्यायचा. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला: वर तळहाताएवढी दोन बटणं, मागे इअरफोनच्या पिनेची १९ भोकं. एकेका भोकात एकेक बटण जोडायचं. मग ते पायाखाली ठेवा, कोपराशी ठेवा, हनुवटीखाली ठेवा. त्या बटणाला लागतात दोन तारा आणि एक पिन. दारावरच्या घंटीचं बटणसुद्धा चालतं. घाटकोपर-मुलुंडच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात ते मिळतं, आणि मिक्सर दुरुस्त करणारा माणूस दहा मिनिटांत डाग देऊन जोडून देईल.