अथेन्सच्या खापऱ्या

‘अथेन्स हे लोकशाहीचे माहेरघर होय’ हे वाक्य राज्यशास्त्राच्या तासाला मी गेली बावीस वर्षे सांगत आलो आहे. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि मी त्याला गुण देतो. ते माहेरघर प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र २०२३ च्या मे महिन्यात आला. जर्मनीत नोकरीस असलेल्या पुतण्याने तिकीट काढून दिले, शिवाय एका दिवसापुरती माझ्या एकट्यासाठी एक मार्गदर्शक बाईही ठरवून दिली. ग्रीसमध्ये प्राचीन स्थळांवर माहिती सांगण्यास सरकारी परवाना लागतो. बाईंच्या गळ्यात तो लटकत होता.

अक्रोपोलिसवर आम्ही सकाळीच जाऊन आलो. पार्थेनॉनविषयी मी येथे लिहीत नाही; त्याचे चित्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. बसमधून आलेली मंडळी तेथूनच परत फिरतात. बाई मला खाली अगोरात घेऊन गेल्या. अगोरा म्हणजे बाजार, कचेऱ्या, न्यायालये आणि गप्पांचा पार, सारे एकाच पटांगणात. १९३१ साली अमेरिकन संशोधकांनी येथे उत्खनन सुरू केले, तेव्हा वरची शेकडो घरे उठवावी लागली. आज पटांगणाच्या उत्तर अंगाने आगगाडी धडधडत जाते.

तेथील एक लांबलचक प्राचीन ओसरी १९५० नंतर पुन्हा उभारली आहे आणि तिच्यातच संग्रहालय आहे. प्रथम एक फुटका दगड पाहिला. त्यात ओळीने खाचा. न्यायपंच होऊ इच्छिणारे नागरिक आपल्या नावाच्या पट्ट्या त्या खाचांत बसवीत. बाजूच्या नळीतून काळ्या-पांढऱ्या गोट्या सोडीत. पांढरी आली की ती आडवी ओळ पंच म्हणून बसे. काळी आली की ती ओळ घरी जाई. लाच कोणाला द्यावी हे आदल्या दिवशी कळूच नये, यासाठी हा खटाटोप! मी मनातून सुखावलो. माझे वाक्य खरे ठरत होते.

पुढच्या कपाटात खापऱ्या होत्या. एखादा पुढारी डोईजड झाला असे वाटले, तर अथेन्सचे लोक फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर त्याचे नाव कोरून मत देत. निदान ६,००० खापऱ्या जमल्या, की सर्वांत अधिक वेळा ज्याचे नाव येईल त्याने दहा वर्षे शहर सोडायचे. (आपल्याकडे खापर माथी फोडतात, तेथे त्यावर नाव लिहीत, एवढाच फरक!) या संदर्भात मी वर्गात दरवर्षी ॲरिस्टायडीसची गोष्ट सांगतो. एका निरक्षर शेतकऱ्याने त्याला न ओळखता त्याच्याच हाती खापरी देऊन ‘ॲरिस्टायडीसचे नाव लिही’ म्हटले आणि त्याने ते निमूटपणे लिहून दिले. वर्ग शेतकऱ्याला हसतो, मीही हसतो.

“या जवळून पाहा,” बाई म्हणाल्या. अनेक तुकडे म्हणजे पेल्यांच्या गोल बैठकाच होत्या आणि नाव एकच, थेमिस्टोक्लीस. इ. स. पू. ४८० मध्ये सॅलॅमिसच्या समुद्रात इराणी आरमाराचा पराभव घडवून आणणारा तोच हा. १९३७ साली अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत अशा १९० खापऱ्या सापडल्या. अक्षर तपासले तेव्हा त्या सुमारे चौदा जणांनीच लिहिल्याचे दिसून आले. म्हणजे कोणीतरी बसून मते आधीच तयार करून ठेवली होती, वाटण्यासाठी. या उरल्या असाव्यात, म्हणून विहिरीत टाकल्या.

मी बराच वेळ काचेपाशी उभा राहिलो. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्या हाती कोणी तयार खापरी ठेवली तर तीवर काय आहे हे त्याने कोणाला विचारावे? माझ्या गोष्टीतल्या शेतकऱ्याने निदान नाव स्वतः सांगितले होते. इतकी वर्षे त्याला हसताना हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.

दुपारी प्निक्सची टेकडी चढलो. येथे तिकीट नाही, गर्दीही नाही. वक्त्यासाठी खडकात कोरलेला चौथरा आणि पुढे उतरता मोकळा माळ. नागरिकांची सभा येथे भरे आणि हात वर करून मते देत. “अडीच हजार वर्षांपूर्वी मला येथे मत नसते, कारण मी बाई,” मार्गदर्शक बाई म्हणाल्या. “आणि तुम्हालाही नसते, तुम्ही परके.” गुलामांची तर गोष्टच नको.

यंदा तो तास घेताना मी वहीतले वाक्य सांगितले नाही. फळ्यावर १९० आणि १४ एवढे दोनच आकडे लिहिले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, त्या चौदा जणांना पैसे कोणी दिले होते?”

आम्ही उरलेला तास त्यावरच बोललो.