न बघता ‘तुंबाड’सारख्या पिक्चरचं तिकीट काढावं का? आधी हे चार हिशोब करा

उज्जैन : विक्रम-वेताळाच्या गावात भुताच्या गोष्टींचं कोणाला नवल नाही. एकीकडे कालभैरवाला दारूचा नैवेद्य, दुसरीकडे शिप्रेकाठचं चक्रतीर्थ स्मशान. इथलं लेकरू अशा गोष्टी ऐकतच मोठं होतं. पण घरातल्या चौघांना घेऊन घाबरायला जायचं आणि त्यासाठी हजारभर रुपये मोजायचे म्हटलं, की प्रश्न वेगळा होतो. पिक्चर ओळखीत कोणी बघितलेला नाही, मोठा हिरो नाही, काळ शंभर वर्षांपूर्वीचा. घ्यायचं का तिकीट?

राणोजी शिंद्यांच्या काळापासून माळव्यात मराठी घरं आहेत. पण मराठी पिक्चर इकडे क्वचितच लागतो. त्यामुळे महाराष्ट्राच्या मातीतली गोष्ट हिंदीतून आली तरी आपल्याकडे तिची चर्चा होते. ‘तुंबाड’ हे त्याचं चांगलं उदाहरण. न बघता घ्यावं की नाही, हे समजून घ्यायलाही हाच पिक्चर कामाचा आहे, कारण तो थेटरात दोनदा लागला आणि दोन्ही वेळा निकाल वेगळा आला.

एकच पिक्चर, दोन निकाल

‘तुंबाड’ पहिल्यांदा लागला १२ ऑक्टोबर २०१८ ला. त्याआधी व्हेनिस चित्रपट महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात याच पिक्चरने झाली होती. पण महोत्सवाचं नाव बघून आपल्याकडे कोणी तिकीट काढत नाही. आठवडाभर आधी लागलेला ‘अंधाधुन’ जोरात होता आणि १८ ऑक्टोबरला ‘बधाई हो’ आला. मधल्या मधे ‘तुंबाड’ दबला. पुढे तो ओटीटीवर आला, लोकांनी घरी बघितला, एकाने दुसऱ्याला सांगितलं. मग १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थेटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला.

पिक्चर तोच, पडदा तोच. २०१८ मध्ये लोक न बघता पैसे द्यायला तयार नव्हते आणि २०२४ मध्ये बघितलेला असूनही तयार होते. म्हणजे अडचण मालात नव्हती, मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचली नव्हती.

व्यापारीही न बघताच घेतो

सिनेमाच्या धंद्याचा नकाशा राज्यांच्या नकाशापेक्षा वेगळा आहे. उज्जैन-इंदूर हा भाग धंद्याच्या भाषेत ‘सीआय’, विदर्भाकडचा ‘सीपी-बेरार’. हे दोन्ही आणि राजस्थान मिळून सेंट्रल सर्किट होतं, आणि त्याच्या वितरक-प्रदर्शकांच्या संघटनेचं मुख्य ठिकाण आपल्या जळगाव जिल्ह्यातलं भुसावळ.

या धंद्यात वितरक बहुतेक वेळा पिक्चर पूर्ण व्हायच्या आधीच, म्हणजे न बघताच सौदा करतो. पण तो सगळे सौदे सारखे करत नाही. बॅनरवर आणि हिरोवर भरवसा असेल तर एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी देतो. पिक्चर पडला तर तो तोटा त्याचा. भरवसा कमी असेल तर ॲडव्हान्स देतो आणि तो पुढे कमाईतून वळता करून घेतो. भरवसाच नसेल तर नुसत्या कमिशनवर पिक्चर लावतो, जोखीम निर्मात्याची.

आपणही हेच करू शकतो. थेटरचं तिकीट म्हणजे एमजी, आवडो न आवडो, पैसे गेले. ओटीटीवर भाड्याने घेणं म्हणजे छोटी जोखीम. आणि आधीच भरलेल्या वर्गणीत पिक्चर मिळत असेल तर वेगळी जोखीम जवळपास नाहीच. तेव्हा नुसतं ‘घ्यावं की नाही’ असं विचारू नका. कोणत्या भावाने घ्यावं, ते विचारा.

हिशोब १ : घरातून कोण येणार?

सर्वात आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट बघा. ‘तुंबाड’ला ‘ए’ आहे. ‘ए’ म्हणजे १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आई-वडील सोबत असले तरी नाही. ऑनलाइन चार तिकिटं काढायची आणि नववीतल्या मुलासाठी गेटवर वाद घालायचा, यात संध्याकाळ जाते आणि पैसेही. ‘यूए’ मध्ये आता ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. तो आकडा पालकांना इशारा म्हणून असतो, मुलाला नेणार की नाही हे पालकांनीच ठरवायचं. भयपटात तो आकडा पोस्टरवरच्या चेहऱ्यापेक्षा जास्त सांगतो.

आजी-आजोबा येणार असतील तर आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवा. ‘तुंबाड’मधला हस्तर कोणत्याही पुराणातला देव नाही, तो पिक्चरवाल्यांनी रचलेला आहे. घरी देवधर्म कडक असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं. निम्मी नाराजी तिथेच टळते.

हिशोब २ : बघणार कुठे?

जुन्या काळातल्या भयपटाची खरी किंमत इथे ठरते. ‘तुंबाड’ला तीन फिल्मफेअर मिळाले : छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिरचना. म्हणजे अंधार, वाडा आणि आवाज. सासवडच्या पुरंदरे वाड्यात त्याचं चित्रीकरण झालं. पाऊस सतत पडत असतो, दिव्याच्या उजेडात भिंती दिसतात. हे सगळं मोबाइलवर, दुपारच्या उजेडात, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये बघितलं तर पडदा नुसता काळा दिसतो आणि माणूस म्हणतो, यात काय घाबरायचं?

साध्या विनोदी पिक्चरचं तसं नसतं. तो मोबाइलवरही हसवतो. म्हणून पैसे कुठे घालायचे याचा सोपा नियम असा : पिक्चरची ताकद संवादात असेल तर घरी थांबा, अंधार आणि आवाजात असेल तर थेटरला जा. ट्रेलर दोनदा बघा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा हेडफोन लावून. आवाज बंद असतानाही जागा लक्षात राहते का? हेडफोनवर नुसत्या किंकाळ्या आहेत, की पाऊस, दार, पावलं असं काही ऐकू येतं? नुसत्या किंकाळ्या असतील तर घाई करू नका.

हिशोब ३ : बनवणारे कोण?

मोठा हिरो नसेल तर नावं वाचावी लागतात. ‘तुंबाड’चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचे चिरंजीव. मुख्य भूमिका करणारे सोहम शाह स्वतः निर्मात्यांपैकी एक. चित्रीकरण २०१२ ला सुरू झालं आणि पिक्चर लागला २०१८ ला. घाईघाईत उरकलेला हा माल नाही, एवढं तर यावरून कळतं.

नाव मात्र फसवू शकतं. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीचं नाव ऐकून कोणी जाणार असेल तर त्याने थांबावं. नाव तिथलं असलं तरी गोष्ट ती नाही. या पिक्चरचं नातं नारायण धारपांच्या भयकथेशी जास्त जवळचं आहे. धारप ज्यांनी वाचले आहेत, त्यांना चव ओळखीची वाटेल.

हेच पुढच्या वेळीही लक्षात ठेवा. २०२४ मध्ये ‘तुंबाड २’ ची घोषणा झाली, पण पहिल्या भागाचे दिग्दर्शक बर्वे यांनी आपण त्यात नसल्याचं सांगितलं. दुसऱ्या भागाचं तिकीट पहिल्याच्या भरवशावर काढायचं असेल, तर तो भरवसा नेमका कोणावर आहे, ते आधी बघा.

हिशोब ४ : विकत काय मिळतंय?

समजा तिकीट करासकट २३६ रुपयांचं आहे. मूळ दर २०० आणि १८ टक्के जीएसटी ३६. चौघांचे झाले ९४४. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावरच्या तिकिटावर १८ टक्केच. म्हणजे १०० रुपये मूळ दर असेल तर १०५ मध्ये काम होतं आणि चौघांचे ४२० होतात. सकाळच्या शोचा दर जरूर विचारा. ऑनलाइनची वेगळी फी वाचवायची असेल तर खिडकीवर जा.

घरी बघायचं तर ‘भाड्याने’ आणि ‘विकत’ यातला फरक समजून घ्या. भाड्याने घेतलेला पिक्चर बऱ्याच ठिकाणी ३० दिवसांत सुरू करावा लागतो आणि सुरू केल्यावर ४८ तासांत संपवावा लागतो. ‘विकत’ घेतला तरी तो डीव्हीडीसारखा कपाटात येत नाही. मिळतो तो बघण्याचा परवाना, आणि तो त्या कंपनीच्या अटींवर. न बघितलेला पिक्चर असा ‘विकत’ घेण्यात अर्थ नाही. आधी भाड्याने बघा, दुसऱ्यांदा बघावासा वाटला तर मग विचार करा.

थांबण्याचीही किंमत असते

कोणी म्हणेल, मग थांबूच की. लोक बघतील, सांगतील, मग आपण जाऊ. एका घरापुरता हा सल्ला बरोबर आहे. पण सगळ्या गावाने तोच पाळला तर शुक्रवार-शनिवार-रविवारचे शो रिकामे जातात, सोमवारी थेटरवाला ते दुसऱ्या पिक्चरला देऊन टाकतो आणि आपण जायला तयार होईपर्यंत पिक्चर गावातून गेलेला असतो. २०२४ सारखी दुसरी संधी प्रत्येक पिक्चरला मिळत नाही. उज्जैन, बुऱ्हाणपूरसारख्या गावांत तर पहिल्या आठवड्याला दोन-तीन शो मिळाले तरी खूप.

म्हणून घरातल्या एकाने, ज्याला अशा गोष्टींची आवड आहे त्याने, पहिल्या शनिवारी सकाळच्या शोला एकट्याने जावं. एका तिकिटात घराला खरी माहिती मिळते. चांगला निघाला तर रविवारी बाकीची मोठी माणसं जातील, नाही निघाला तर तोटा एका तिकिटाचा. नऊशे रुपयांच्या सौद्याआधी शे-दोनशेचा नमुना घेऊन बघणं, हे आपल्या बाजारात धान्य घेतानाही करतोच की.