जन्म निवडण्याचा खेळ

पुण्यात संगणकाची नोकरी करणारा माझा भाचा यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आला आणि तेथून दोन दिवस आमच्याकडे पांढरकवड्याला राहिला. त्याच्या लॅपटॉपवर त्याने मला ‘सायबरपंक २०७७’ नावाचा खेळ दाखवला. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने तो डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आणला. तेव्हा त्यात इतके दोष निघाले की आठवडा उलटतो न उलटतो तोच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून घेतला. पुढे दुरुस्त्या झाल्या. जगासाठी तो जुना असेल, माझ्यासाठी मात्र नवाकोरा होता.

‘‘घ्या मामा, पयले जन्म निवडा,’’ भाचा म्हणाला. मी चमकलो. जन्म निवडायचा?

पडद्यावर तीन पर्याय होते. भटक्यांच्या टोळीत जन्मलेला, गल्लीबोळात वाढलेला किंवा बड्या कंपनीच्या कचेरीतला. त्यानंतर शरीर, चपळाई, बुद्धी, तंत्रज्ञान आणि धीर यांत वाटायला प्रत्येकाला सारखेच सात गुण. कंपनीवाल्याला जास्त नाहीत, भटक्याला कमी नाहीत. गुणवत्ता ही आपली बापजाद्यांची मालमत्ता आहे, असे समजून आरक्षणाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी ही व्यवस्था एकदा पाहावीच!

मी अर्थातच भटका निवडला.

खेळ सुरू होतो तो वाळवंटाकडेच्या एका लहान गावातल्या गॅरेजमध्ये. आपण आपली मोटार दुरुस्त करतो आहोत. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तेवढ्यात गावचा पोलीस अधिकारी दारात उभा. कोण, कुठला, इथे काय काम? मग तंबी : आवर आणि चालता हो. गुन्हा काय? भटका असणे हाच गुन्हा! वाचकहो, हा प्रसंग पोलंडमधल्या लेखकाने कल्पनेने लिहिला. आपल्याकडे त्यासाठी कल्पना लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. पण यवतमाळ जिल्ह्यात कुठे चोरी झाली की पहिली नजर पारध्यांच्या बेड्याकडेच वळते, ती नजर कोणत्या कायद्याने जाणार?

त्याच सुरुवातीला नायक आपल्या जॅकेटवरचे टोळीचे चिन्ह काढून टाकतो. शहरात शिरायचे तर जुनी ओळख मागे टाकलेली बरी. ते पाहून मी भाच्याकडे बघितले. पुण्यात खोली शोधताना घरमालकांनी त्याला आधी आडनाव विचारले होते. तो काही बोलला नाही, मीही नाही.

पुढचे शहर प्रचंड आहे. याला ओपन वर्ल्ड म्हणतात. कोणत्याही रस्त्याने जा, कोणाशीही बोला, कोणतेही काम घ्या. बंदुका तर पावलोपावली. माझा नेम काही लागेना, तासाभरात पाच वेळा मेलो. पण मेलेला माणूस पुन्हा उभा राहतो, ही खेळाची मोठी सोय. शहरावर सत्ता कंपन्यांची. वर काचेचे मनोरे आणि खाली कचऱ्यात जगणारी माणसे, हे चित्र ओळखीचे वाटले.

मात्र एक गोष्ट खटकली. निवडलेल्या जन्माचा खेळ थोडक्यात आटोपतो. मग सहा महिने भराभर सरतात आणि तिन्ही नायक एकाच वाटेला लागतात, तीच कामे करतात. जन्म उरतो तो संवादातल्या एखाद्या वाक्यापुरता. खेळाडू याला दोष म्हणतात. मला वाटले, असा दोष आपल्या समाजात यावा! आपल्याकडे उलट आहे. जन्म निवडता येत नाही आणि निवडलेली वाट मात्र जन्मापाशी आणून अडवली जाते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलेली विसंगती हीच : मत सारखे, पण सामाजिक आणि आर्थिक जीवन विषम. सारखे सात गुण कागदावर मिळाले, खेळ मात्र वेगवेगळ्या मैदानांवर.

आणि हा खेळही सर्वांचा कुठे आहे? बाजारात आला तेव्हा त्याची किंमत तीन हजारांच्या घरात होती, म्हणजे सुमारे अर्धा क्विंटल कापूस. शिवाय तो चालवणारे यंत्र वेगळेच. आमची पोरे स्वस्त मोबाइलवर गोळ्या झाडत बसतात आणि आपण त्यांना बिघडलेली म्हणतो. त्यांना रागवण्याआधी एक गोष्ट सांगा. या शहराची मूळ कल्पना माइक पाँडस्मिथ या कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाची आहे. त्याने १९८८ साली ती कागद आणि फाशांच्या खेळात मांडली. ज्या समाजाच्या पँथरवरून १९७२ साली आपल्या पँथरने नाव घेतले, त्याच समाजातला हा माणूस.

दुसऱ्याने रचलेल्या जगात आपली पोरे किती दिवस नुसती खेळणार? जाताना भाच्याला एवढेच म्हटले : आता तू एक खेळ लिही. त्यात बेड्यावरची पोर नायिका असू दे आणि तिला आडनाव विचारणारा कोणी नसू दे.