लॉ सीईटी : भीती एकीकडे, अडचण दुसरीकडे

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूल परिसराला कायदा परका नाही. वनदाव्याची फाइल घरातल्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली असते. ग्रामसभेचा ठराव, मोजणीचा नकाशा, दाव्यावरची सही-शिक्का यांवर ओट्यावर बसून चर्चा होते. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या किसान लाँग मार्चची एक मुख्य मागणी वनहक्काचीच होती. तरीही इथल्या मुलामुलींपुढे लॉ कॉलेजचा विषय काढला की, ‘ती परीक्षा आपल्याला झेपायची नाही’ हेच आधी ऐकू येते.

मला हे मान्य नाही. परीक्षा झेपते. प्रवेश हातचा जातो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने, आणि त्या कारणाकडे वेळेत कोणी बघत नाही. म्हणून इथे सर्रास ऐकू येणारे समज एकेक करून घेतो.

‘सगळा पेपर इंग्रजीत असतो’

हा समज दोन परीक्षांच्या सरमिसळीतून आला आहे. क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा. महाराष्ट्रात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. क्लॅट इंग्रजीतच होते, उतारे लांबलचक असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. राज्याच्या लॉ कॉलेजांसाठी असलेली सीईटी वेगळी. ती २०१६ पासून राज्याचा सीईटी कक्ष घेतो. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची एक आणि कोणत्याही पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची दुसरी. नाशिकची लॉ कॉलेजे, पुण्याचे आयएलएस, मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय यांचा रस्ता सीईटीतून जातो. सीईटीचे प्रश्न मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत येतात, अपवाद फक्त इंग्रजी भाषेच्या विभागाचा. मोबाइलवर क्लॅटच्या तयारीचे व्हिडिओ बघून घाबरलेल्या मुलाने ती भीती सीईटीला लावू नये.

इंग्रजीचे ओझे अजिबात नाही, असे मात्र सांगणार नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीत १२० पैकी ४० प्रश्न इंग्रजीचे असतात. सामान्यज्ञान ३२, तर कायद्याचा कल आणि तर्कशक्ती प्रत्येकी २४. घरी कोकणी किंवा वारली बोली, शाळेत मराठी आणि इंग्रजी त्यानंतर, अशा मुलाला हे ४० प्रश्न जड वाटणारच. पण ते बरेचसे शालेय व्याकरण, शब्दार्थ आणि उताऱ्यावरचे असतात. आठवी ते दहावीची इंग्रजीची पुस्तके पुन्हा नीट काढली आणि रोज एक उतारा मोठ्याने वाचून त्याचा अर्थ बोलीत कोणाला तरी सांगितला, तर चार-पाच महिन्यांत फरक पडतो. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीत इंग्रजीचा वाटा याहून कमी आहे.

‘पुढे कोर्टात तरी इंग्रजीच ना?’ असेही विचारतात. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा म्हणून मराठी १९९८ च्या अधिसूचनेने ठरलेली आहे. नाशिकच्या कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी मराठीत चालते. इथल्या माणसाची बोली ज्याला कळते, तो वकील तिथे एक पाऊल पुढेच असतो.

‘आधी कलमे पाठ पाहिजेत’

कायद्याचा कल तपासणारे प्रश्न कसे असतात ते एका नमुन्यावरून पाहू. आधी तत्त्व दिलेले असते : दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलवणे म्हणजे चोरी. मग घटना : खळ्यावर दोघांच्या नागलीच्या गोण्या शेजारी शेजारी आहेत. अंधार पडत आला आहे. एक जण शेजाऱ्याची गोणी आपलीच समजून खांद्यावर टाकून घरी नेतो. चोरी झाली का?

पर्याय असे येतील. एक, झाली, कारण गोणी दुसऱ्याची होती. दोन, झाली, कारण विचारले नव्हते. तीन, झाली नाही, कारण उचलताना अप्रामाणिक हेतू नव्हता. चार, झाली नाही, कारण नागली ही किरकोळ वस्तू आहे. पहिले दोन पर्याय घटनेला धरून आहेत, पण तत्त्वातली एक अट सोडून देतात. चौथा तत्त्वात नसलेलीच अट घुसवतो. उत्तर तिसरे. घरी गेल्यावर दिव्याच्या उजेडात गोणीवरची शेजाऱ्याची खूण दिसली आणि तरी तो गप्प बसला, तर तो अपहार, म्हणजे वेगळा गुन्हा. पण प्रश्नात ते तत्त्व दिलेले नसेल तर ते स्वतःहून आणायचे नाही. तत्त्वात किती अटी आहेत ते मोजायचे, घटनेत प्रत्येक अट बसते का ते पाहायचे आणि मनातला न्याय थोडा वेळ बाजूला ठेवायचा. हा सराव ज्याचा झाला, त्याचे कलमांवाचून बरेच काम भागते. थोडी प्राथमिक माहिती लागते, ती म्हणजे राज्यघटनेची मूलतत्त्वे, करार, अपकृत्य, फौजदारी कायद्याची तोंडओळख.

सामान्यज्ञानात तर हरसूलच्या मुलाकडे घरचेच भांडवल आहे. पाचवी अनुसूची आणि २४४ वे कलम हा शहरातल्या मुलासाठी घोकायचा विषय. आपण त्याच क्षेत्रात राहतो. १९९६ चा पेसा कायदा, त्याचे महाराष्ट्रातले २०१४ चे नियम, २००६ चा वनहक्क कायदा, त्यातली १३ डिसेंबर २००५ ही ताब्याची तारीख, वैयक्तिक दाव्याची ४ हेक्टरची मर्यादा, दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो हा क्रम. वडिलांच्या फाइलमधले कागद एकदा शांतपणे वाचले तर हे सगळे समजून लक्षात राहते. त्या पेटीचा अभ्यासासाठी उपयोग करायचे कोणाच्या मनात येत नाही, याची मला खंत वाटते.

जुन्या गाइडपासून मात्र सांभाळा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले. शिवाय २०२५ पासून प्रश्न १५० वरून १२० वर आले. मोठ्या भावाने वापरलेले पुस्तक तर्कशक्तीसाठी चालेल, कायद्यासाठी चालणार नाही.

‘चुकले की गुण कापतात’ आणि ‘९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के’

राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. १२० प्रश्न, १२० मिनिटे. पहिल्या फेरीत येणारे सोडवायचे, अडणारे खूण करून पुढे जायचे आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पर्सेंटाइलचा अर्थ, तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण किती टक्के परीक्षार्थींना आहेत, एवढाच. अनेक सत्रांत परीक्षा होते तेव्हा सोपे-अवघड पेपर एका पातळीवर आणण्यासाठी तो काढतात. निम्मेच प्रश्न बरोबर आले म्हणून घरी येऊन उपाशी झोपायचे कारण नाही.

‘जातीचा दाखला आहे, आता काय लागतंय?’

प्रवेश निसटण्याचे खरे कारण इथे आहे. प्रांत कार्यालयातून मिळालेला जमातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुसूचित जमातीच्या राखीव जागेसाठी दुसरे लागते आणि ते तपासणी समिती देते. ती समिती नाशिकला आहे. परीक्षेत चांगले गुण आणि हातात व्हॅलिडिटी नाही, अशा मुलाला खुल्या जागांच्या स्पर्धेत उभे राहावे लागते. काही वर्षी शासन पावतीवर मुदत देते. तिच्या भरवशावर राहू नये.

प्रस्ताव अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत टाकावा. त्याला सर्वांत वजनदार पुरावा म्हणजे वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणाची आधीच झालेली व्हॅलिडिटी : वडील, सख्खा भाऊ, चुलते. ती नसेल तर जुने कागद शोधायचे. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची आहे. तिच्या आधीची, जमात लिहिलेली नोंद मिळाली तर काम सोपे होते. आजोबा शाळेतच गेले नसतील तर शाळेचा दाखला कुठून आणणार, असे म्हणून लोक हात टेकतात. पण गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचे कोतवाल बुक, तहसीलच्या अभिलेख कक्षात सापडू शकते. त्यात पणजोबांच्या नावापुढे जमातीची नोंद असू शकते. नक्कल मागायचा अर्ज एका पानाचा असतो. २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चालीरीतींच्या माहितीवरून घेतलेली कसोटी हीच एकमेव निर्णायक कसोटी नाही. कागद पक्का असेल तर तुमची बाजू भक्कम राहते.

आणखी दोन छोट्या गोष्टी. अनुसूचित जमातीला नॉन-क्रिमिलेअर लागत नाही, त्यासाठी सेतूवर पैसे आणि दिवस घालवू नका. आणि दहावीचे गुणपत्रक, आधार व जातीचा दाखला यांवरचे नाव अक्षरन् अक्षर जुळते का ते आजच बघा. ‘काशिनाथ’ आणि ‘काशीनाथ’ एवढ्या फरकानेही कागदपत्र तपासणीत अर्ज परत येऊ शकतो.

‘मुक्त विद्यापीठाची पदवी चालत नाही’

अर्धे खरे आहे, म्हणून जास्त घातक. गिरणारेमार्गे नाशिकला येताना गोवर्धनजवळ यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ लागते. शेती किंवा मजुरी सांभाळून तिथून पदवी घेणारे आपल्याकडे पुष्कळ. दहावी, मग बारावी आणि मग मुक्त विद्यापीठाची पदवी अशा क्रमाने शिकला असाल, तर बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार एलएलबीला पात्र आहात. बारावी न करता पूर्वतयारी अभ्यासक्रमावरून थेट पदवीला गेला असाल तर अडचण येते. गुणांची अट अनुसूचित जातीजमातींना ४० टक्के आहे, इतर मागासवर्गाला ४२ आणि खुल्या गटाला ४५. वयाची अट राज्याच्या सीईटीला नाही. संसार मांडल्यावर, मुले शाळेत जाऊ लागल्यावर एखादीला वाटले तरी ती बसू शकते. मागचा निकाल मनासारखा लागला नसेल तर पुन्हाही बसता येते, फक्त गुण त्या त्या वर्षापुरतेच चालतात.

‘परीक्षा दिली, आता कॉलेजचं पत्र येईल’

येत नाही. निकालानंतर प्रवेशप्रक्रियेचा, म्हणजे कॅपचा, वेगळा ऑनलाइन अर्ज भरायचा असतो, कागद चढवायचे असतात, कॉलेजांची पसंती क्रमाने द्यायची असते. मोबाइलचे नेटवर्क गेले आणि तारीख उलटली, असे होऊ देऊ नका. एका वहीत तारखा लिहा, संकेतस्थळ एक दिवसाआड बघा. कॉलेजातल्या कोणा सरांना किंवा मॅडमना सोबत घ्या. संकोचाने एकट्याने लढण्यात काही मिळवायचे नाही. फीची काळजी असेल तर अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आदिवासी कुटुंबातल्या मुलांना महाडीबीटीवरून केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयम् योजना आहे. दोन्हींचे अर्ज स्वतंत्र.

परीक्षेच्या दिवसांविषयी थोडे. अर्ज हिवाळ्यात निघतात, परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी. हाच काळ दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांच्या कामाचा. घरचे बागेवर, घर मुलीवर, आणि तिने अभ्यास कधी करायचा? आईवडिलांनी एवढे ठरवावे की, शेवटचे तीन आठवडे तिला मजुरीला न्यायचे नाही. सराव कागदावर केला असला तरी पेपर संगणकावर असतो. माउसचा हात बसलेला नसला की पहिली दहा मिनिटे घाबरण्यात जातात, म्हणून कॉलेजच्या संगणकावर सीईटी कक्षाची सराव चाचणी दोन-तीनदा तरी सोडवावी. नाशिकचे केंद्र मिळाले तर आदल्या संध्याकाळी शहरात नातेवाइकाकडे किंवा वसतिगृहातल्या मैत्रिणीकडे मुक्कामाला जावे. पहाटेची एसटी वाघेऱ्याच्या घाटात उशिरा झाली, ही धास्ती घेऊन पेपरला बसायला नको. आणि पेपर समोर आल्यावर काहीच आठवेनासे झाले तर इंग्रजीचा उतारा सोडून आधी तर्कशक्तीचे चार सोपे प्रश्न घ्या. हात चालू लागला की डोके मागून येते.

राहता राहिला ‘वकिलीची सनद घ्यायला हजारो रुपये लागतात’ हा समज. तो काल-परवापर्यंत बऱ्याच राज्यांत खरा होता. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क बार कौन्सिलने घ्यायचे नाही. खुल्या गटाला ती रक्कम ७५० रुपये आहे. अनुसूचित जातीजमातींना १२५ रुपये.